गंधक : एका नावाची हकिकत

काड्यापेटीतली एक काडी ओढून पाहा. ज्योत नीट धरायच्या आधी क्षणभर नाकात एक तिखट झिणझिणी जाते. एखाद्याला ठसकाही लागतो. हा वास लहानपणापासून इतका ओळखीचा, की त्याला नाव काय, असे कधी कुणी विचारीत नाही. देवापुढे निरांजन लावणाऱ्या आजीला त्या नावाची गरज पडत नाही आणि चूल पेटवणाऱ्या बाईलाही पडत नाही. आज मात्र मी तुमच्याशी त्या नावाविषयीच बोलणार आहे. नाव आहे सल्फर डायऑक्साइड. आपल्या जुन्या मराठी रसायनशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'गंधक द्विप्राणिद' म्हणत.

नाव ऐकल्याबरोबर रेडिओचा कान पिळू नका! पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात हेच अवघड नाव चिकूच्या वाड्यांतून निघाले आणि थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले. आणि शेजारच्या तलासरी तालुक्यात अशी कितीतरी माणसे आहेत, की ज्यांच्या कानावर हे नाव कधी पडले नसेल, पण तो वायू मात्र ती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत छातीत भरून घेतात. नाव ठाऊक असल्याने काय होते आणि नसल्याने काय राहून जाते, ते या दोन गोष्टींवरून कळते. तेव्हा आधी नाव समजून घेऊ आणि मग ते कुठे कसे उपयोगी पडले ते पाहू.

मूळ शब्द गंधक. संस्कृतातून आलेला. ज्याला गंध आहे तो गंधक, इतका सरळ अर्थ. आता यात एक गंमत आहे. गंधकाचा स्वच्छ पिवळा खडा हातात घेऊन हुंगून पाहिला, तर त्याला म्हणण्यासारखा वास येतच नाही. मग आपल्या पूर्वजांनी त्याला गंधक का म्हटले? याचे कारण असे की हा पदार्थ जळला, कुजला किंवा दुसऱ्या कशाशी मिसळला, की वासाचा मोठा धनी होतो. कुजलेल्या अंड्याची दुर्गंधी गंधकाचीच. लसणाचा उग्र वास गंधकाचाच. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारी वाफ तीही गंधकाच्या एका संयुगाची. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती झाली तर घरातल्यांना कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचे एक संयुग अगदी थोडे मिसळतात. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने खड्याकडे पाहून नव्हे, तर खड्याच्या करणीकडे पाहून नाव ठेवले.

गंधकाचे दुसरे एक संस्कृत नाव आहे शुल्बारि. शुल्ब म्हणजे तांबे आणि अरि म्हणजे शत्रू. तांबे आणि गंधक एकत्र तापवले की तांब्याचे तांबेपण जाते, ते काळे ठिसूळ होऊन बसते. हे पाहणाऱ्या रसवैद्याने दिलेले हे नाव. काही जण म्हणतात की इंग्रजीतला 'सल्फर' हा शब्द या शुल्बारीवरूनच गेला. ऐकायला बरे वाटते, पण 'सल्फर' हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे आणि भाषेचे जाणकार हे नाते मान्य करीत नाहीत. तेव्हा तो मोह सोडून देऊ.

पण हे एकच नाव आपण बोलताना किती निरनिराळ्या वस्तूंना लावतो पाहा! वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम कुंडात स्नान करून आलेला माणूस सांगतो, 'गंधकाचे पाणी आहे.' द्राक्षांवर किंवा आंब्याच्या मोहोरावर भुरी आली की बागायतदार म्हणतो, 'गंधक मारला.' गाडीच्या बॅटरीत जे घालतात ते गंधकाम्ल, त्याला जुनी माणसे गंधकाचे तेजाब म्हणत. आणि काडीचा तो ठसका, तोही गंधकच. यांतल्या एकात आपण अंघोळ करतो, दुसरे पिकाला औषध म्हणून देतो, तिसऱ्याचा थेंब अंगावर पडला तर कातडी जाळतो आणि चौथा श्वासातून आत जाऊन दमेकऱ्याला बेजार करतो. चारांनाही गंधक म्हटले तर व्यवहारात घोटाळा होणारच. म्हणून रसायनशास्त्राने नावे लांब केली. ती लांब असतात ती हौसेने नव्हे. प्रत्येक नावात त्या वस्तूची घडण सांगितलेली असते.

गंधक द्विप्राणिद हेच पाहू. गंधक तर कळला. द्वि म्हणजे दोन. प्राणिद म्हणजे प्राणवायूशी संयोग पावलेला. एका गंधकाच्या अणूला प्राणवायूचे दोन अणू चिकटले की हा वायू झाला. सल्फर, डाय, ऑक्साइड; शब्दाला शब्द जुळतो. आज शाळेतली मुले इंग्रजी नावच शिकतात आणि त्याला माझी तक्रार नाही. पण जुने मराठी नाव एकदा उलगडून पाहिले की इंग्रजी नावाचीही भीती जाते.

या नावातल्या 'दोन'चा एक उपयोग व्यवहारी माणसाला लगेच पटेल. गंधकाचा अणू प्राणवायूच्या अणूच्या वजनाने दुप्पट असतो. म्हणजे एका गंधकाला दोन प्राणवायू लागले, की दोघांचे वजन सारखे होते. याचा अर्थ, एक किलो गंधक जळला तर एक किलो प्राणवायू घेऊन दोन किलो वायू होणार. आता दगडी कोळशात गंधक असतोच. समजा, एखाद्या भट्टीत दिवसाला १,००० टन कोळसा जळतो आणि त्यात अर्धा टक्का गंधक आहे. अर्धा टक्का म्हटले की आपण म्हणतो, एवढेसे ते काय! पण १,००० टनांचा अर्धा टक्का म्हणजे ५ टन. त्याचा वायू होणार सुमारे १० टन. थोडा गंधक राखेत राहतो तो वजा करा. तरी रोज इतका वायू धुराड्यातून वर जातो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याला रंगच नाही. काळा धूर दिसतो, राख कपड्यांवर पडते, त्याची तक्रार होते. हा मात्र नाव घेतल्याशिवाय लक्षातच येत नाही.

वायू वाईटच आहे, असे मात्र समजू नका. साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ आणि साखर पांढरी व्हावी म्हणून रसातून हाच वायू सोडतात. काही ठिकाणी बेदाणे आणि अंजीर सुकवताना रंग टिकावा, बुरशी लागू नये, म्हणून गंधकाची धुरी देतात. याच वायूला आणखी प्राणवायू आणि पाणी देऊन गंधकाम्ल होते, आणि गंधकाम्ल नसेल तर सुपरफॉस्फेट खत नाही. तेव्हा वायू तोच. तो भांड्यात कोंडून कामाला लावला तर चाकर, आणि वाऱ्यावर सोडून दिला तर कुणाच्या तरी घरात शिरणार.

आता डहाणूला जाऊ.

डहाणू, घोलवड, बोर्डी हा किनारा चिकूसाठी प्रसिद्ध. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वेला डोंगर, रान, वारल्यांचे पाडे. पश्चिमेला खाडी, मिठागरे, मच्छीमारांची वस्ती. अशा या तालुक्यात डहाणू खाडीलगत कोळशावर चालणारे वीज केंद्र उभारायचे ठरले. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारी बी.एस.ई.एस. ही कंपनी ते उभारणार होती. २५० मेगावॉटचे दोन संच, मिळून ५०० मेगावॉट. आणि धुराडे २७५ मीटर उंच. मुंबईला वीज हवी होती, यात शंका नाही. पण इथल्या लोकांना प्रश्न पडला, की वीज मुंबईला जाईल, धूर मात्र आमच्याकडे राहील, त्याचे काय?

सुरुवातीला सगळे 'धूर' हाच शब्द वापरीत होते. आणि धूर या शब्दाला उत्तर देणे फार सोपे असते. धुराडे उंच आहे, धूर वर जाईल. राख पकडायची यंत्रे बसवली आहेत, धूर दिसणारसुद्धा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच. राख पकडणारी यंत्रे राख पकडतात. पण गंधकाचा वायू त्यांतून सहज निसटतो, कारण तो राखेसारखा कण नाही. म्हणून डहाणूच्या मंडळींनी, त्यांत नर्गिस इराणी आणि कितायून रुस्तम यांच्यासारख्या स्थानिक बायका पुढे होत्या, धूर हा शब्द बाजूला ठेवला आणि त्यातला नेमका घटक नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. सल्फर डायऑक्साइड किती निघणार? तो अडवण्याची काय सोय केली?

ही सोय म्हणजे फ्ल्यू गॅस डीसल्फरायझेशन. याचा अर्थ धुराड्याच्या वायूतला गंधक काढून टाकणे. मराठीत फार तर धूम्रवायूचे विगंधकीकरण म्हणता येईल. सरकारी कागदांत याला एफ.जी.डी. म्हणतात. वीज केंद्राला परवानगी देताना ही अट कागदावर होती. अट कागदावर असणे आणि यंत्र जागेवर असणे यांत किती अंतर असते, ते आपल्या देशात वेगळे सांगायला नको.

डहाणूकर न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वीज केंद्राची परवानगी रद्द केली नाही. मात्र विगंधकीकरणाची अट परिणामांचा पुरता विचार केल्याशिवाय शिथिल करू नये, असे बजावले. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याची अधिसूचना काढली. तालुक्यात उद्योगांसाठी ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन वापरायची नाही आणि तालुक्याच्या हद्दीभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखायचा, असे तिच्यात होते. तलासरी तालुका डहाणूला लागूनच आहे, तेव्हा त्या पट्ट्याचा संबंध तलासरीशीही येत होता. पुढे १९९४ साली 'सँक्च्युअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सेहगल यांनी अर्ज केला, की अधिसूचना निघाली खरी, पण ती पाळते कोण? त्यावर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, तोवर ते हे काम पाहत होते.

दरम्यान १९९५ साली वीज केंद्र सुरू झाले होते. विगंधकीकरणाचे यंत्र मात्र आले नव्हते. कंपनीचे म्हणणे असे, की आम्ही कमी गंधकाचा कोळसा वापरतो, हवेतले प्रमाण मर्यादेत आहे, मग एवढा खर्च कशाला? म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. पण अट ती अट. मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने यंत्र बसवण्याचा आदेश दिला. पुन्हा वाद, पुन्हा मुदती, पुन्हा सुनावण्या. अखेर २००७ साली यंत्र सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने अट शिथिल करू नका म्हटल्यापासून १६ वर्षांनी! मधल्या काळात कंपनीचे नाव बदलून रिलायन्स झाले आणि २०१८ मध्ये केंद्र अदानींकडे गेले. मालक बदलले, सरकारे बदलली, अधिकारी बदलले. पण कागदावर नेमक्या रसायनाचे नाव होते, म्हणून मागणी जुनी झाली नाही. नुसते 'धूर कमी करा' असे लिहिले असते, तर दोन-चार झाडे लावून विषय संपवता आला असता.

आता हे यंत्र करते काय, ते सांगतो, कारण त्यातली युक्ती समजायला सोपी आहे. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला की फसफसते आणि रसाची आंबटाई जाते. गंधकाचा वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबट, म्हणजे आम्लधर्मी होते. आणि समुद्राच्या पाण्यात खायच्या सोड्याच्या जातीचे क्षार निसर्गतःच असतात. म्हणून धुराड्याकडे जाणारा वायू समुद्राच्या पाण्याच्या सरींतून नेतात. वायू पाण्यात शिरतो, क्षार त्याची आंबटाई मारतात. नंतर त्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात, म्हणजे गंधकाचे सल्फेट होते. सल्फेट समुद्राला नवे नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ते अडीच ग्रॅमांहून अधिक असतेच. पाणी पुन्हा पहिल्यासारखे झाल्यावरच ते परत सोडायचे, ही मात्र काळजी घ्यावी लागते, नाही तर हवेतले दुखणे खाडीत जायचे, आणि खाडीवरसुद्धा माणसे पोट भरतात.

ही विद्या काही परवाची नव्हे. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३० च्या दशकातच टेम्स नदीच्या पाण्याने धूर धुवायची सोय केली होती. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात १९८८ साली समुद्राच्या पाण्याचे असे यंत्र बसले. म्हणजे डहाणूकर जे मागत होते ते आकाशातले तारे नव्हते. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ते चालू होते.

तुम्ही विचाराल, की या वायूने चिकूचे काय बिघडते? झाडाच्या पानाला बारीक रंध्रे असतात. त्यांतून झाड श्वास घेते. गंधकवायू त्या वाटेने आत शिरला आणि पानातल्या ओलाव्यात विरघळला, की आतल्या पेशी जळतात, पानावर फिके डाग पडतात, झाडाची वाढ मंदावते. आता डहाणूच्या चिकूचे उत्पन्न घटल्याची तक्रार बागायतदार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ती सगळी या एका वायूमुळे, असे मी म्हणणार नाही. चिकूला बी पोखरणारी अळी लागते, बुरशी लागते, पाऊस अवेळी पडतो. झाडाचे दुखणे माणसाच्या दुखण्यासारखेच. कारणे अनेक असतात. पण म्हणूनच तर नाव घेऊन मोजायचे. अळी किती, बुरशी किती, वायू किती, हे वेगवेगळे मोजल्याशिवाय कुणाला दोष द्यायचा आणि कुणाला सोडायचे, ते कसे ठरणार?

या कामी निसर्गाने एक साधा पहारेकरीही ठेवला आहे. आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात ना? ती शैवाल आणि बुरशी यांची मिळून झालेली जोडी. तिच्या जातभाई झाडांच्या खोडांवर राखाडी-हिरवट ठिपक्यांसारख्या वाढतात. त्यांना मुळे नाहीत, सारे पोषण हवा-पाण्यातून. त्यामुळे हवेत गंधकवायू वाढला की त्यांतल्या नाजूक जाती सर्वांत आधी मरतात. युरोपात कारखान्यांच्या शहरांतली झाडे अशी ओकीबोकी झालेली शास्त्रज्ञांनी पाहिली. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाचा धूर आणि धुके पाच दिवस कोंडून राहिले, तेव्हा सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा पहिला हिशेब होता. पुढच्या अभ्यासांत तो आकडा १२,००० पर्यंत गेला. त्यानंतर चार वर्षांनी तिथे हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला.

आपल्याकडे २००९ साली हवेची जी मानके ठरली, त्यांत या वायूला मर्यादा आहे. एका घनमीटर हवेत, वर्षाची सरासरी धरून, ५० मायक्रोग्रॅम. पण ज्या भागाला केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले आहे, तिथे ती मर्यादा आहे २०. २४ तासांची मर्यादा दोन्हीकडे ८०. आकडे कोरडे वाटतील, पण एक गोष्ट लक्षात ठेवा : माणसाच्या नाकाला या वायूचा वास लागतो तो या मर्यादेच्या कितीतरी पट प्रमाण झाल्यावर. म्हणजे 'वास येत नाही, मग वायू नसणार' हे म्हणणे खरे नाही. आणि 'धूर दिसत नाही' हे म्हणणे तर त्याहून खरे नाही. नाक आणि डोळे दोन्ही फसतात, तिथे यंत्रच लागते. आणि यंत्राला काय मोजायचे ते नाव घेऊन सांगावे लागते.

आता तलासरीची गोष्ट. तलासरी-डहाणूकडची, जव्हार-मोखाड्याकडची अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर भाताची कामे आटोपली की घराला कडी लावतात आणि वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. पोरेबाळेही बरोबर. पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीत कच्च्या विटांच्या थरांमध्ये दगडी कोळसा आणि भाताचे तूस घालून ती पेटवतात. ती कित्येक दिवस धुमसत राहते. तिला २७५ मीटरचे धुराडे नसते. पुष्कळदा धुराडे असे नसतेच. धूर निघतो तो माणसाच्या उंचीवर. आणि भट्टीपासून थोड्या अंतरावर झोपडी, तिच्यात लेकरे झोपलेली. कोळसा तोच, गंधक तोच, वायूही तोच.

वीज केंद्राच्या वायूला नाव आहे, अट आहे, मोजमाप आहे. भट्टीवरच्या वायूला तिथली माणसे काय म्हणतात? 'धूर लागतो.' बाई सांगते, 'पोराला खोकला झालाय.' दवाखान्यात गेली तर औषधाची बाटली मिळते आणि ती भट्टीवर परत येते. यात त्या बाईचा काही दोष नाही. नावे माणसाला जन्मतः येत नाहीत; कुणीतरी सांगावी लागतात. आपण शिकलेल्या माणसांनी ती सांगितली नाहीत. तिला एवढे जरी कळले, की कोळशाच्या या वायूने दमा बळावतो, तो हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचतो, म्हणून झोपडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि थोडी उंचावर बांधावी, तान्ह्या मुलाला भट्टीच्या धुरात निजवू नये, तरी पुष्कळ झाले. आणि दवाखान्यात 'कोळशाच्या भट्टीजवळ राहतो' एवढे वाक्य तिने सांगितले, तर डॉक्टरही खोकल्याकडे निराळ्या नजरेने पाहील.

शेवटी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सर्वच कोळशाच्या वीज केंद्रांना गंधकवायूची मर्यादा घालून दिली. त्यासाठी विगंधकीकरणाची यंत्रे बसवायची होती. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रांतून सूट मिळाली. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, यंत्रे महाग आहेत, वीज महागेल, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, हा वायू हवेत पुढे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होऊन दूर दूर पसरतो आणि ते कण फुप्फुसात खोल जातात, तो हिशेब धरला का? दोन्ही बाजूंकडे विद्वान आहेत. मी इथे निवाडा करायला बसलो नाही. पण हा वाद कशाविषयी आहे ते कोळशाच्या वीज केंद्राजवळ राहणाऱ्याला कळले पाहिजे, आणि ते कळायचे तर नावापासूनच सुरुवात करावी लागते. 'कमी गंधक' हा शब्द ऐकला की आपण मघाचा हिशेब आठवावा : अर्धा टक्का, पण किती टनांचा?

२००५ पासून आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. अर्जात 'आमच्याकडे धूर फार होतो, काय कारवाई केली?' असे विचारले, तर उत्तरही तसेच मोघम येते : योग्य ती कार्यवाही चालू आहे. पण 'अमुक ठिकाणी अमुक महिन्यात हवेतील सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची सरासरी किती होती?' असे विचारले, तर उत्तरात आकडा तरी द्यावा लागतो, नाही तर मोजलेच नाही असे लेखी कबूल करावे लागते. दोन्ही उत्तरे उपयोगाची. डहाणूच्या लोकांनी सोळा वर्षे तेच केले. तलासरीच्या भट्टीवर जाणाऱ्या माणसासाठी ते अजून कुणी करायचे आहे. गावातल्या शाळेत आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलीला हे नाव पुस्तकात भेटतेच. परीक्षेपुरते पाठ करून ती ते विसरून जाते. तिच्या गुरुजींनी तिला इतकेच सांगावे, की हे नाव घरी जाऊन आईला सांग. आई दिवाळीनंतर जिथे जाते, तिथे तिला त्याचा उपयोग आहे.